फोन आधी घ्यावा की सिमची कंपनी आधी ठरवावी?

गावी आईबाबांसाठी दोन टचस्क्रीन फोनपैकी कुठला घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: आधी कंपनी ठरवा. घरात रेंजच नसेल तर महागडा फोन काय कामाचा? शेजाऱ्यांचे फोन मागून माजघरात, परसदारी कॉल लावून बघा. कंपनीच्या रेंज दाखवणाऱ्या नकाशापेक्षा हेच खरं. जिओचं ५जी ७०० मेगाहर्ट्‌झवरही चालतं आणि त्या लहरी भिंतीतून बऱ्या आत येतात, म्हणून जिओ घेणार असाल तर फोनमध्ये एन२८ बँड (म्हणजे याच लहरींचा पट्टा) आहे ना, ते पाहा. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज, तेव्हा दिवसाचा खर्च काढूनच तुलना करा. निवड चुकलीच, तर ९० दिवसांनंतर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते.