विंडोज नव्याने टाकल्यावर आयट्यून्समधली गाणी वाजत नाहीत. संग्रह परत मिळेल का?

दुरुस्तीहून आणलेल्या संगणकात गाण्यांची यादी दिसते, पण प्रत्येक गाण्यापुढे उद्गारचिन्ह येते, अशी आपली अडचण आहे. यादीत नोंदलेल्या ठिकाणी फाइल सापडली नाही, एवढाच त्या चिन्हाचा अर्थ. गाणी पुसली गेलीच असे नव्हे. म्हणून फाइली परत मिळवून देणारे सॉफ्टवेअर उतरवण्याची घाई कृपया करू नये, कारण गाण्यांच्याच डिस्कवर ते बसवले तर पुसलेल्या फाइलींच्या जागी नवे काही लिहिले जाण्याची भीती असते.

वडिलांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेटी मी संगणकात उतरवून ठेवल्या होत्या आणि त्या अशाच गायब झाल्या तेव्हा माझा अख्खा रविवार शोधाशोधीत गेला. शेवटी निघाले ते एवढेच, की पूर्वीची डी ड्राइव्ह आता ई झाली होती. ‘डी’ हे अक्षर सीडीच्या ड्राइव्हने बळकावले होते. विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’ या सोयीत जाऊन ते आधी सोडवले, मग मूळ ड्राइव्हला दिले, आणि आयट्यून्स पुन्हा उघडताच गाणी वाजू लागली.

अक्षर बरोबर असेल तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज.ओल्ड’ नावाचा फोल्डर आहे का ते पाहावे. त्यातल्या ‘यूझर्स’मध्ये जुना ‘म्युझिक’ फोल्डर शाबूत असू शकतो. मात्र विंडोज हा फोल्डर साधारण १० दिवसांनी आपोआप काढून टाकते, तेव्हा हे काम उद्यावर ढकलू नये.

गाणी खरोखरच पुसली गेली असतील तर ‘फोटोरेक’ हे मोफत सॉफ्टवेअर दुसऱ्या डिस्कवरून चालवावे आणि सापडलेल्या फाइलीही तिसरीकडेच साठवाव्यात. (डिस्क एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी, असेल तर फारशी आशा धरू नये, पुसलेली जागा ती स्वतःच लवकर रिकामी करते.) फोटोरेक मूळ नावे परत देत नाही, हाती येतात ती ‘एफ’ आणि पुढे नुसते आकडे. गाण्याच्या फाइलीत टॅग, म्हणजे गाण्याचे नाव, गायक अशी माहिती, भरलेले असतील तर ‘म्युझिकब्रेन्झ पिकार्ड’ हे सॉफ्टवेअर त्यांवरून फाइलींना नावे देऊ शकते. पुढे एकदा माझ्याच हातून फोल्डर पुसला गेला, तेव्हा टॅग भरण्याचा केलेला कंटाळा मला भोवला: कॅसेटच्या ३० मिनिटांच्या एका बाजूची फाइल १२८ केबीपीएसने (सेकंदाला १२८ किलोबिट) सुमारे २९ एमबी होते, एवढ्या आकारावरून त्या फाइली वेगळ्या काढल्या आणि प्रत्येकीची पहिली दोन मिनिटे ऐकून नावे लिहिली.