कालवाचे पहिले दोन दिवस : वाचकांचे प्रश्न

समुद्राच्या आम्लीकरणाविषयी गेल्या काही महिन्यांत वाचकांकडून आलेले प्रश्न एकाच विषयाशी जोडलेले असल्याने त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

प्रश्न : आमचे घर मालवणजवळ खाडीच्या काठी आहे. ओहोटीला खडकांवरची कालवे काढण्याचे काम आजीपासून आमच्या घरात चालत आले आहे. माझ्या मुलाने शाळेच्या प्रदर्शनासाठी कोंबडीचे अंडे व्हिनेगरमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी कवच नाहीसे झाले होते. समुद्र आम्ल होत असल्यामुळे पुढे कालवांचेही असेच होणार, असे त्याने तक्त्यावर लिहिले. हे खरे आहे का?
(एक वाचक भगिनी, मालवण)

उत्तर : मुलाने प्रयोगासाठी वस्तू अचूक निवडली आहे. अंड्याचे कवच आणि कालवाचा शिंपला हे दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असतात, आणि म्हणूनच कोकणात व गोव्यात शिंपले भट्टीत भाजून चुना करण्याची रीत होती. मात्र तक्त्यावरचे वाक्य त्याने बदलावे, असे आम्ही सुचवतो. व्हिनेगरचा सामू (पीएच; ७ पेक्षा कमी म्हणजे आम्ल, अधिक म्हणजे आम्लाच्या विरुद्ध गुणाचे, आम्लारिधर्मी) ३ च्या जवळपास असतो. समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याचा सरासरी सामू औद्योगिक युगापूर्वी सुमारे ८.२ होता आणि आज तो ८.१ च्या आसपास आहे, म्हणजे समुद्र आजही आम्लारिधर्मीच आहे आणि या शतकात तो व्हिनेगरसारखा होणार नाही. ‘आम्लीकरण’ या शब्दाने बदलाची दिशा सांगितली जाते, पाणी आम्ल झाले आहे असा त्याचा अर्थ नाही. तरीही हा ०.१ चा फरक क्षुल्लक समजू नये, कारण सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते आणि त्यावर ०.१ ने खाली येणे म्हणजे पाण्यातील हायड्रोजन आयन (आम्लपणा आणणारे विद्युतभारित कण) सव्वापटीहून अधिक होणे.

हे आयन कोठून येतात, ते समजले की कालवाची अडचणही समजते. कोळसा, तेल व वायू जाळल्याने आणि जंगलतोडीमुळे हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत २८० वरून ४२० च्या वर गेले आहे, आणि माणूस हवेत सोडत असलेल्या या वायूचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात विरघळलेल्या वायूपासून कार्बोनिक आम्ल तयार होते. त्यातून सुटलेले हायड्रोजन आयन पाण्यातील कार्बोनेट आयनांना चिकटतात आणि त्यांचे बायकार्बोनेटमध्ये रूपांतर करतात. शिंपला घडवायला कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही लागतात. समुद्रात कॅल्शियमची वाण नाही, पण कार्बोनेट आधीच मोजके असते आणि नेमके तेच कमी होत जाते.

मोठ्या कालवाला याचा तोटा होतो, पण ते तग धरू शकते. त्याचा शिंपला जाड असतो, आणि ज्या द्रवात शिंपला घडतो त्या द्रवातील हायड्रोजन आयन शक्ती खर्चून बाहेर टाकण्याची सोय त्याच्या शरीरात असते. खरा प्रश्न नवजात डिंभकाचा, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाचा, आहे. फलनानंतर साधारण दोन दिवसांत, डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या लहान या जिवाला आपला पहिला शिंपला पुरा करावा लागतो, आणि या अवधीत त्याला स्वतः अन्न मिळवता येत नसल्याने अंड्यात आईने बांधून दिलेल्या शिदोरीवरच सगळे बांधकाम उरकावे लागते. पाण्यात कार्बोनेट कमी असेल, तर तेवढ्याच शिंपल्यासाठी शिदोरीतील अधिक भाग खर्ची पडतो. शिवाय हा पहिला शिंपला ज्या खनिजरूपात घडतो ते अ‍ॅरागोनाइट, प्रौढ कालवाच्या शिंपल्यातील कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळणारे असते. तेव्हा तक्त्यावर ‘शिंपले विरघळतील’ याऐवजी ‘शिंपला बांधणे महाग पडेल आणि सर्वांत महाग ते पिल्लांना पडेल’ असे लिहावे. वाक्य लांब होईल, पण खरे होईल.

प्रश्न : हे सारे प्रयोगशाळेतील निष्कर्ष आहेत, की प्रत्यक्ष समुद्रात असे नुकसान कोठे झाले आहे?
(एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : झाले आहे, आणि ते ज्या रीतीने उघडकीस आले ती हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगन राज्यात नेटार्ट्स नावाचा उथळ उपसागर आहे. त्याच्या काठावरील ‘व्हिस्की क्रीक’ ही हॅचरी समुद्राचे पाणी टाक्यांत घेऊन त्यात पॅसिफिक कालवांचे डिंभक वाढवते आणि किनाऱ्यावरील अनेक लहानमोठ्या कालवशेतकऱ्यांना बीज पुरवते. २००७ च्या सुमारास तेथील डिंभक टाक्यांमध्ये मोठ्या संख्येने मरू लागले. प्रथम संशय गेला तो कालवांच्या पिल्लांना मारणाऱ्या व्हिब्रिओ जातीच्या जिवाणूवर, आणि हॅचरीत असा संशय आधी यावा हे स्वाभाविकच होते. पाणी जंतुरहित करण्याची महागडी यंत्रणा बसवली गेली, तरी पिल्ले मरतच राहिली. तेव्हा हॅचरीतील लोकांनी ऑरेगन स्टेट विद्यापीठातील समुद्ररसायनशास्त्रज्ञ बर्क हेल्स यांच्या मदतीने पाण्याचे रसायनच तपासायला घेतले आणि पिल्लांची मर व किनाऱ्यावरील वारे यांचा संबंध लक्षात आला.

त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात उत्तरेकडून वारा वाहतो. या वाऱ्याने पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून आत समुद्राकडे लोटले जाते आणि त्याची जागा घ्यायला खोलवरचे थंड पाणी वर येते. वरून खाली पडलेले सेंद्रिय द्रव्य वर्षानुवर्षे त्या खोल पाण्यात कुजत राहिल्याने त्यात कार्बन डायऑक्साइड मुळातच अधिक असतो. ही निसर्गाचीच रचना आहे आणि त्या किनाऱ्यावरचे जीव तिच्यासह जगत आले आहेत. तिच्यात माणसाने हवेत सोडलेल्या वायूची भर पडली आणि जे पाणी पूर्वी कसेबसे चालत होते ते पिल्लांना चालेनासे झाले. समुद्ररसायनशास्त्रज्ञ रिचर्ड फीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ च्या उन्हाळ्यात या किनाऱ्यावर केलेली पाहणी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अ‍ॅरागोनाइटला मारक ठरणारे पाणी उथळ किनारपट्टीपर्यंत पोहोचत असल्याचे तीत दिसले. मला या पाहणीतील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी वाटते. वर येणारे हे पाणी हवेच्या संपर्कात शेवटचे आले होते ते सुमारे ५० वर्षांपूर्वी. म्हणजे त्यात मुरलेला वायू त्या काळच्या हवेतला आहे, आणि आज मुरत असलेला, त्याहून पुष्कळ अधिक वायू याच वाटेने काही दशकांनी वर यायचा आहे.

हॅचरीच्या नोंदींवरून आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि ती २०१२ मध्ये शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. वाईट पाण्यात जन्मलेली पिल्ले तेव्हाच मरत नसत. ती काही दिवस पोहत, दिसायला ठीक वाटत, आणि नंतर त्यांची वाढ खुंटत असे. पहिल्या दोन दिवसांत शिदोरी संपवून बसलेल्या जिवाला पुढे अन्न शोधण्याइतके त्राण राहत नाही. मृत्यूच्या दिवशीचे पाणी तपासून कारण हाती लागणार नव्हते, जन्माच्या दिवशीचे पाणी पाहावे लागले.

उपाय त्यामानाने साधे निघाले. नेटार्ट्सच्या तळावर समुद्रगवत आहे. दिवसा ते प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि रात्री श्वसनामुळे तो पुन्हा वाढतो. त्यामुळे टाक्या पहाटेऐवजी दुपारनंतर भरायच्या, पाण्याचे रसायन सतत मोजत राहायचे आणि गरज पडेल तेव्हा त्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, मिसळायचा, असे तेथे ठरले. हॅचरी सावरली. मात्र सोडा टाकीत घालता येतो, उपसागरात नाही.

प्रश्न : खेकडे, कोळंबी, शंख या सर्वांवर सारखाच परिणाम होतो का?
(एक वाचक, पणजी)

उत्तर : नाही. समुद्रशास्त्रज्ञ जस्टिन रीस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १८ प्रकारच्या कवचधारी सागरी जीवांवर केलेल्या प्रयोगात वाढत्या कार्बन डायऑक्साइडबरोबर कालवे, काही शिंपले आणि शंख यांच्या कवचाची वाढ मंदावली. निळ्या शिणाण्यांवर (खडकांना चिकटून राहणाऱ्या एका प्रकारच्या शिंपल्यांवर) फारसा परिणाम दिसला नाही, तर निळे खेकडे, लॉब्स्टर आणि एका जातीची कोळंबी यांचे कवच उलट अधिक घडले. यावरून खेकड्यांचे बरेच चालले आहे, असे मात्र समजू नये. कवचावर अधिक खर्च झाला की वाढीला आणि विणीला त्यातून काढावे लागते, आणि शिवाय खेकड्यालाही बालपण असतेच. अमेरिकेच्या त्याच पश्चिम किनाऱ्यावरील डंजनेस खेकड्याच्या डिंभकांचे कवच झिजत असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे.

प्रश्न : आमच्या खाडीत तिसऱ्या (खाण्याचे लहान शिंपले) पूर्वीसारख्या मिळत नाहीत. हे आम्लीकरणामुळेच होत असावे का? आणि अशा पाण्यातील तिसऱ्या खाणे सुरक्षित आहे का?
(एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सामूतील या बदलामुळे तिसऱ्या खाण्यास अपायकारक होत नाहीत. खाडीत सांडपाणी येत असेल, तर त्याची चिंता करावी.

पहिल्या प्रश्नाबाबत घाईने होकार देऊ नये. तिसऱ्या वाळूत आणि चिखलात पुरून राहतात, त्यामुळे वाळूचा उपसा झाला की त्यांचे घरच उचलले जाते. बारीक तिसऱ्याही न सोडता काढल्या, की विणीसाठी मागे काही उरत नाही. ही कारणे जवळची आहेत आणि ती आपल्या हातातील आहेत. सगळा दोष दूरच्या धुराड्यांवर टाकून त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

तरीही आम्लीकरणाचा विषय आपल्या किनाऱ्याला परका नाही. नैर्ऋत्य मान्सूनच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतही खालचे पाणी वर सरकते. त्या पाण्यात प्राणवायू अत्यंत कमी असल्याचे गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले होते. प्राणवायू ज्या कुजण्यात खर्च होतो, त्याच कुजण्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून अशा पाण्याचा सामूही कमी असतो. त्याच महिन्यांत नद्यांचे गोडे पाणी खाडीत उतरते, आणि समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत त्यात कॅल्शियम व कार्बोनेट दोन्ही कमी असतात. आपल्या खाडीतील शिंपल्यांनी हा पावसाळी ताण पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. शिंपल्याची दोन्ही दारे घट्ट मिटून वाईट दिवस काढणे त्यांना येते. पण जेथे मूळ फरकच मोठा असतो, तेथे वरून पडलेल्या थोड्या भरीनेही सोसण्याची मर्यादा लवकर गाठली जाऊ शकते, विशेषतः त्याच सुमारास पाण्यात डिंभक असतील तर.

प्रश्न : खाडीत चुना टाकून हे टाळता येईल का?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : विरीचा चुना खाडीत मुळीच टाकू नये. त्याने त्या जागेचा सामू एकदम वर चढतो आणि मासे व पिल्ले मरतात. शिंपल्यांचा चुरा मात्र निराळा, कारण तो सावकाश विरघळतो. अमेरिकेच्या मेन राज्यात चिखलाच्या किनाऱ्यावर असा चुरा मिसळून पाहिला, तेव्हा त्या चिखलात शिंपल्यांची पिल्ले अधिक संख्येने स्थिरावली, कारण पिल्लू जेथे उतरते तेथील चिखलातील पाणी वरच्या पाण्यापेक्षाही अधिक आम्लाकडे झुकलेले असते. हा उपाय काही हात लांबीरुंदीच्या जागेपुरता आहे, समुद्रासाठी नव्हे. कालवांची पिल्ले तर जुन्या शिंपल्यांना चिकटूनच वाढतात. त्यामुळे कालवे सोलल्यावर उरणारी टरफले रस्त्याच्या भरावात घालण्याऐवजी, स्वच्छ धुऊन व उन्हात चांगली वाळवून, जेथून आणली त्याच खडकांपाशी परत टाकावीत.