वाचकांचे प्रश्न : मातीतले तांबे ४.२ की १४२?

प्रश्न : माझी वरुड तालुक्यात चार एकर संत्र्याची बाग असून झाडे वीस वर्षांची आहेत. गेल्या उन्हाळ्यात एकाच ढिगातली माती मी दोन प्रयोगशाळांना दिली. एकीच्या अहवालात तांबे ४.२ पीपीएम (मातीच्या दहा लाख भागांत ४.२ भाग) आले, तर दुसरीच्या अहवालात १४२ पीपीएम आले, आणि त्यापुढे ‘कमाल मर्यादा १४०’ असे छापून लाल रेघ मारलेली होती. यातले खरे कोणते, आणि माझे वावर विषारी झाले आहे काय?
— एक संत्रा उत्पादक

उत्तर : दोन्ही आकडे खरे असण्याची शक्यता मोठी आहे, कारण दोन्ही प्रयोगशाळांनी मातीला वेगवेगळे प्रश्न विचारले आहेत. पहिल्या प्रयोगशाळेने बहुधा डीटीपीए नावाचे सौम्य द्रावण वापरले असावे. १० ग्रॅम मातीत २० मिलिलिटर द्रावण घालून दोन तास हलवायचे आणि गाळून आलेल्या पाण्यात किती धातू उतरला ते मोजायचे, ही लिंडसे आणि नॉर्व्हेल यांनी १९७८ मध्ये मांडलेली पद्धत पिकाला उपलब्ध होणारे जस्त, लोह, तांबे व मंगल (मँगनीज) कळावे यासाठी बसवलेली आहे. जमीन आरोग्य पत्रिकेवर सूक्ष्म अन्नद्रव्यांचे जे आकडे असतात ते याच जातीचे. दुसऱ्या प्रयोगशाळेने माती तीव्र आम्लांत, म्हणजे हायड्रोक्लोरिक व नायट्रिक आम्लाच्या तीनास एक मिश्रणात, तापवून जवळजवळ सगळे तांबे बाहेर काढले असावे. अहवालावर पद्धतीचे नाव छापलेले नसेल तर ते मागून घ्यावे, कारण पद्धतीच्या नावावाचून आलेला आकडा मापाचे नाव न सांगता सांगितलेल्या वजनासारखा असतो.

आता लाल रेघेविषयी. सांडपाण्याचा गाळ शेतात टाकण्याबाबत युरोपीय समुदायाने १९८६ मध्ये जो निर्देश काढला, त्यात मातीतील एकूण तांब्याची मर्यादा ५० ते १४० अशी आहे, आणि आपल्या अहवालातील १४० तिथूनच आलेली दिसते. आपल्याकडील संशोधन-लेखांत भारतीय मर्यादा म्हणून १३५ ते २७० हे आकडे दिले जातात. आपली काळी माती मात्र दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि त्या खडकातच तांबे, क्रोमियम, निकेल व कोबाल्ट भरपूर असतात. ज्या पडीक जमिनीत कोणी कधी चमचाभर मोरचूदही (तांब्याचा निळा क्षार) टाकलेले नाही, तिथेही एकूण तांबे १०० च्या वर निघणे नवलाचे नाही. युरोपची मर्यादा लावली तर पश्चिम विदर्भातले कित्येक निर्मळ वावर नापास ठरेल.

याचा अर्थ आपल्या बागेत बाहेरून तांबे आलेच नाही असा मात्र नाही. हिशेब करून पाहा. एक टक्क्याच्या बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचूद व चुन्याच्या बुरशीनाशक फवारणीत, १०० लिटरला एक किलो मोरचूद पडते आणि मोरचुदाच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा तांबे असते. एकरी ५०० लिटरच्या वर्षाला दोन फवारण्या धरल्या तर अडीच किलो तांबे होते. एकरातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे आठ लाख किलो भरते, म्हणजे वर्षाला साधारण ३ पीपीएमची भर पडते, आणि तांबे कुजत किंवा उडून जात नसल्यामुळे वीस वर्षांत ती ६० पर्यंत पोहोचू शकते. बुंध्यांना लावलेली बोर्डो पेस्ट यात धरलेली नाही.

म्हणून तीन नमुने वेगवेगळे घ्यावेत : झाडाच्या घेराखालचा, दोन ओळींमधला, आणि त्याच प्रतीच्या मातीचा पण कधी फवारणी न झालेल्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा. तिन्ही एकाच प्रयोगशाळेत दोन्ही पद्धतींनी तपासून घ्यावेत. धुऱ्यावरही १३० निघाले तर आपले १४२ बहुतांशी खडकाचे देणे आहे. धुऱ्यावर ८० निघाले तर उरलेले फवारणीचे समजावे, आणि अशा वेळी घेराखालचा डीटीपीएचा आकडाही धुऱ्यापेक्षा स्पष्टपणे वाढलेला दिसेल. तसे झाले तरी घाबरण्याचे कारण नाही. फ्लोरिडात संत्रावर्गीय झाडांच्या मुळांना तांब्याची बाधा झाली ती आम्लधर्मी, वाळूसर जमिनीत. चुनखडीयुक्त काळी माती तांब्याला घट्ट धरून ठेवते. फवारण्या गरजेपुरत्याच ठेवाव्यात, हे मात्र मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : आमचे गाव नागपूर जिल्ह्यात औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या तलावापासून दीड किलोमीटरवर आहे. उन्हाळ्यात राख उडून पिकांवर बसते. राखेतले जड धातू मातीत उतरले आहेत की नाही हे ग्रामपंचायतीला तपासून घ्यायचे आहे. नमुने कसे घ्यावेत?
— ग्रामपंचायत सदस्य

उत्तर : नेहमीच्या माती परीक्षणाची १५ ते २० सेंटिमीटरची ‘व्ही’ आकाराची खाच इथे उपयोगाची नाही, कारण उडून आलेली राख वरच्या थरात बसते आणि खालच्या मातीत मिसळली की तिची खूण तिप्पट-चौपट फिकी होते. नांगरट झालेले वावर शक्यतो सोडावे. धुरा, गायरान, देवळामागची पडीक जागा अशा न हललेल्या ठिकाणी ० ते ५, ५ ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे वेगळे नमुने घ्यावेत. काळ्या मातीत एक अडचण येते, ती अशी की चैत्र-वैशाखात पडलेल्या भेगांतून वरची माती थेट खाली जाते, त्यामुळे भेगेची जागा टाळावी आणि प्रत्येक नमुना आसपासच्या दहा-पंधरा ठिकाणांची माती एकत्र करून, तिचे चार भाग पाडून व समोरासमोरचे दोन ठेवून, अर्धा किलोवर आणावा. तलावापासून उन्हाळी वाऱ्याच्या दिशेने वाढत्या अंतरावर चार-पाच जागा घ्याव्यात आणि विरुद्ध दिशेला दूरवर किमान दोन.

तुलनेच्या जागा निवडताना फार सावध राहावे लागेल. नागपूरच्या आसपास खडक बदलतो : पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला नाइससारखे जुने खडक. बेसाल्टची माती एका बाजूला आणि दुसऱ्या खडकाची दुसऱ्या बाजूला घेतलीत, तर दिसणारा फरक खडकाचा असेल आणि दोष मात्र राखेला जाईल, किंवा याच्या उलटही होईल. म्हणून तांबे-क्रोमियमवर भिस्त न ठेवता बेसाल्टमध्ये जे कमी असते ते आर्सेनिक व शिसे, आणि राखेबरोबर येणारे सेलेनियम व बोरॉन मोजून घ्यावे. वरच्या थरात ते जास्त, खाली कमी आणि अंतराबरोबर उतरते असे तिन्ही एकदम दिसले, तरच राखेकडे बोट दाखवता येईल. जमीन आरोग्य पत्रिकेच्या बारा घटकांत शिसे, आर्सेनिक व कॅडमियम नाहीत, त्यामुळे पत्रिका ‘चांगली’ आली म्हणून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

घमेले जस्ताच्या मुलाम्याचे नको, प्लास्टिकचे घ्यावे. खुरपे गंजलेले नको, आणि खताच्या रिकाम्या पिशवीत माती अजिबात भरू नये. विद्यार्थिदशेत मी पितळी चाळणीने माती चाळून एका गावात ‘तांब्या-जस्ताचे प्रदूषण’ शोधून काढले होते. ते चाळणीचेच होते हे समजायला एक उन्हाळा गेला. नायलॉनची २ मिलिमीटरची चाळणी घ्यावी व माती सावलीत वाळवावी. एक नमुना दोन वेगळे क्रमांक टाकून द्यावा आणि प्रयोगशाळेला सांगू नये. दोन्हींचे आकडे फार लांब आले, तर बाकीच्या आकड्यांवर पंचायतीचा ठराव उभा करू नये.

प्रश्न : कृषी प्रदर्शनात बंदुकीसारखे एक यंत्र पाहिले. मातीला टेकवले की मिनिटभरात सगळे धातू दाखवते म्हणे. मग प्रयोगशाळेची गरज काय?
— एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ते क्ष-किरणांनी मातीतील मूलद्रव्ये चमकवून ओळखणारे यंत्र आहे आणि शंभर जागांतून संशयाच्या दहा निवडायला ते उत्तम. पण ओल्या मातीत ते कमी आकडा दाखवते, म्हणून माती वाळवून, बारीक करून मगच टेकवावे. शिसे आणि आर्सेनिक यांच्या मुख्य खुणा त्याला जवळजवळ एकाच जागी दिसतात, त्यामुळे शिसे जास्त असेल तर आर्सेनिकचा आकडा भरवशाचा राहत नाही. मातीत एखादा पीपीएम कॅडमियम असेल तर ते त्याच्या नजरेतून निसटतेच, आणि भाजीपाल्याच्या मळ्यात नेमके तेच शोधायचे असते.