सर्बियातला अपक्ष नगराध्यक्ष किती दिवस अपक्ष राहतो?

तुम्ही विचारलंय की सर्बियातल्या छोट्या गावात पक्षाशिवाय सत्तेवर आलेल्या नगराध्यक्षाची पुढची राजकीय वाटचाल कशी होते, आणि शेवटी त्याला कुठल्या तरी पक्षात जावंच लागतं का. सगळ्या देशाचं मला विचारू नका. आमच्या गावचा अकरा महिने टिकला.

मी नाशिकची, नवरा सर्ब. 2013 ते 2019 सासरी, पश्चिम सर्बियातल्या एका लहान गावात राहिले. गावाचं नाव लिहीत नाही. सासरे अजून तिथेच आहेत आणि बाजाराच्या दिवशी त्यांना सगळ्यांना तोंड दाखवायचं असतं.

तुमच्या प्रश्नातच एक घोळ आहे. तिथे अध्यक्षाला लोक निवडतच नाहीत. 2004 साली थेट निवडणूक झाली होती, 2007 च्या कायद्याने ती बंद केली. 2008 पासून लोक यादीला मत देतात, यादीतून ओडबॉर्निक म्हणजे नगरसेवक येतात आणि ते अध्यक्ष निवडतात. पक्ष नसेल तर 'ग्रुपा ग्राजाना', म्हणजे नागरिकांचा गट, या नावाने यादी देता येते. आमच्या वेळच्या नियमाप्रमाणे यादीतल्या प्रत्येक उमेदवारामागे 30 मतदारांच्या सह्या लागायच्या, आणि त्याही पडताळून घेतलेल्या. घरच्या ओट्यावर बसून केलेली सही चालत नाही.

2016 च्या एप्रिलमधली निवडणूक. आमच्या गटाचे 22 उमेदवार, म्हणजे 660 सह्या. गटाचा म्होरक्या शाळेतला खेळाचा शिक्षक, सासऱ्यांचा जुना विद्यार्थी. सासरे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचे. तिकडे अशा शिक्षकांना प्रोफेसरच म्हणतात, त्यामुळे हा चाळिशीचा बाप्याही त्यांच्यासमोर 'प्रोफेसोरे, प्रोफेसोरे' करत उभा राहायचा. सासऱ्यांनी एकट्याने 140 सह्या आणल्या. वय 71, गुडघा गेलेला. माणसांना आपल्या जुन्या युगो गाडीत घालून नोटरीकडे नेत आणि परत घरी सोडत. नाही म्हणणारे बहुतेक एकच कारण सांगत: मन तुमच्याकडे आहे हो, पण मुलगी बालवाडीत आहे, दर तीन महिन्यांनी करार वाढवून घ्यावा लागतो. 2014 पासून सरकारी भरतीवर बंदी होती ना, त्यामुळे मुदतीच्या करारांवरच गाव जगत होतं. असा करार कुणाच्या हातात असतो हे तुम्हाला सांगायला नको.

35 पैकी 8 जागा आल्या. मोठ्या यादीला निम्म्या मिळाल्या नाहीत, इतरांची भांडणं होती, आणि तडजोडीत आमचा मास्तर अध्यक्ष झाला. त्या रात्री अंगणात मेंढी भाजली. सासरे रडले. मीही थोडी रडले. राकिया, म्हणजे तिकडची फळांची दारू, होतीच.

मग वर्षभर काहीच झालं नाही. वाईटही नाही, चांगलंही नाही. गावच्या तिजोरीत येतो तो मुख्यतः पगारावरच्या कराचा वाटा आणि राजधानी बेलग्रेडहून येणारी मदत. तो वाटा 2011 साली 40 टक्क्यांवरून 80 वर नेला होता, 2016 मध्ये परत खाली आणला, लहान नगरपालिकांसाठी 74. पण जिथे कारखानाच नाही तिथे पगार कुठले आणि कर कुठला? रस्ता, सांडपाणी, शाळेचं छप्पर, सगळ्याला वरून पैसे लागतात. अर्थसंकल्प मंजूर झाला नाही किंवा सभा तीन महिने भरली नाही, तर सरकार सभा बरखास्त करून स्वतःची तात्पुरती समिती बसवू शकतं. 8 माणसांच्या जोरावर 35 जणांची सभा चालवणाऱ्याला हे रोज झोपताना आठवत असणार.

2017 च्या मे महिन्यात तो संध्याकाळी घरी आला. बसला नाही. 'प्रोफेसोरे, मला जावंच लागेल,' एवढंच म्हणाला. सासऱ्यांनी विचारलं, सह्या केलेल्यांना मी काय सांगू? तो गप्प. दुसऱ्या आठवड्यात बेलग्रेडमध्ये सत्तेत असलेल्या मोठ्या पक्षाच्या मंचावर त्याचा फोटो आला.

आणि मग सासऱ्यांनी जे केलं त्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलेय. ते त्या 140 घरांत परत गेले. प्रत्येक दारात उभं राहून म्हणाले, माझ्या शब्दावर सही केलीत, माफ करा. गाडी मी चालवत होते. तीन आठवडे, रोज दुपारनंतर. प्रत्येक घरात कॉफी, त्यामुळे रात्री झोप नाही. लोकांनाच लाज वाटायची. एकाने दारच उघडलं नाही, पडदा हलताना आम्ही पाहिला. टेकडीवरच्या एका म्हातारीने मात्र सासऱ्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, अरे बरंच झालं की, आता तरी डांबर येईल.

आलं. ऑक्टोबरपर्यंत तिच्या फाटकापर्यंत 700 मीटर डांबर आलं. परत येताना गाडीत सासरे त्यावर काही बोलले नाहीत, मीही नाही. मला त्या म्हातारीचा आजही राग येतो, कारण ती बरोबर होती.

माझा दीर म्हणतो (तिकडेही त्याला 'देवेर'च म्हणतात, आहे की नाही गंमत) की माणसं विकाऊ असतात, बस. पक्ष बदलणाऱ्याला त्यांच्याकडे 'प्रेलेताच' म्हणतात, उडून पलीकडे जाणारा. आपला आयाराम-गयारामच. त्या शब्दावरून तर लुका मॅक्सिमोविच नावाच्या पोराने 'ल्युबिशा प्रेलेताचेविच बेली' हे सोंग काढलं, पांढरा सूट घालून. 2016 ला म्लादेनोवात्समध्ये त्याच्या यादीला 20 टक्के आणि 2017 च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत त्याला 9 टक्क्यांवर मतं पडली. माझ्या नवऱ्याने त्यालाच मत दिलं. सासऱ्यांनी दिलं मिलान स्तामातोविचना. दिराने कुणाला दिलं ते सांगितलं नाही.

हे स्तामातोविच तुमच्या प्रश्नाचं खरं उदाहरण. झ्लातिबोर डोंगरावरच्या चायेतिनाचे 2004 पासूनचे अध्यक्ष. एक पक्ष, दुसरा पक्ष, मग स्वतःचा 'निरोगी सर्बिया'. गावात त्यांना हरवणं कठीण, पण 2017 ला देशभरात मिळाले 1.15 टक्के. लहान गावच्या नेत्याचं वजन वेशीवरच संपतं, ते असं. पुढे त्यांचा पक्षही सत्ताधाऱ्यांच्याच यादीत गेला. शाबात्स शहराचे नगराध्यक्ष नेबोयशा झेलेनोविच 2014 पासून विरोधातच राहिले, 2020 ला शहर त्यांच्या हातून गेलं.

माझं म्हणणं मी दिराला शंभरदा सांगितलंय: दोष माणसाचा नाही, कायद्याचा आहे. थेट निवडणूक असती तर मास्तरला 35 जणांकडे हात पसरावे लागले नसते. आपल्याकडेही हा खेळ चाललाय, 2016 ला थेट, 2020 ला नगरसेवकांतून, 2022 ला पुन्हा थेट. ज्याच्या सोयीचं त्याने बदलायचं.

आता खरं सांगायचं तर यातही एक भोक आहे, आणि दीर ते बरोबर काढतो. 2004 ला थेट पद्धतीतच यागोदिना शहरात द्रागान मार्कोविच 'पाल्मा' नगराध्यक्ष म्हणून निवडून आले. प्राणिसंग्रहालय, वॉटर पार्क, म्हाताऱ्यांना फुकट सहली, सगळं केलं, आणि दिल्लीत असतं तसं बेलग्रेडमध्ये जो असेल त्याच्याबरोबर राहिले. चाचाक शहराचे तेव्हाचे नगराध्यक्ष वेलिमिर इलिच तर 5 ऑक्टोबर 2000 ला बुलडोझर घेऊन राष्ट्राध्यक्ष मिलोशेविचला खाली खेचायला गेलेले. नंतर मंत्री झाले, आणि 2012 ला नव्या सत्ताधाऱ्यांबरोबर. तेव्हा थेट निवडणुकीने सगळं सुटतं असं मीही आता छातीठोक म्हणत नाही. पैसा वरून येतो तोवर अवघडच आहे.

तुम्ही अभ्यासासाठी जाणार असाल तर गोंडोला, म्हणजे डोंगरावरचा रोपवे, बघायला चायेतिनात जाल तसंच अशा एखाद्या निनावी गावातही दोन दिवस राहा. नगरपालिकेच्या सभा खुल्या असतात, मागे बसा, कोण कुणाकडे बघून हात वर करतं ते पाहा. आणि तिथे कुणी मिशीवाला दातांचा डॉक्टर भेटला आणि माणसं विकाऊ असतात म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा की 2017 च्या पावसाळ्यानंतर त्याच्या बायकोला नगरपालिकेत मुदतीच्या करारावर नोकरी कशी लागली.