४५व्या वर्षी इतिहासाच्या पीएचडीला अर्ज करताना उशिराचं कारण द्यावं का?

२० वर्षं नोकरी झाल्यावर अर्ज करताय आणि एसओपीमध्ये (अर्जासोबतच्या, काय आणि का शिकायचंय ते सांगणाऱ्या निवेदनात) या उशिराबद्दल काय लिहावं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: काही लिहू नका.

मी ४३व्या वर्षी अर्ज केले. पहिल्या वर्षी सगळीकडून नकार आला. एसओपीच्या दोन पानांपैकी दीड पान माझी हकिकत होती: नोकरी का धरली, घरची जबाबदारी कशी आली, वाचन कसं टिकवलं. सगळं खरं होतं, पण मला शिकायचंय याच्यापलीकडे निवड समितीला त्यातून काही कळत नव्हतं.

मी विम्याचे दावे तपासायचे. अंगठा एकाचा, अक्षर दुसऱ्याचं, हे रोजचं होतं. पुढे विधवांच्या पेन्शनचे शंभर वर्षांपूर्वीचे अर्ज पाहिले. तिथेही खाली बाईचा पुसट अंगठा, वर लेखनिकाचं वळणदार अक्षर, आणि मजकुरात 'मी'. हा 'मी' कोणाचा? दुसऱ्या वर्षी एसओपी या प्रश्नापासून सुरू केला. नोकरीवर एकच वाक्य ठेवलं, वयावर एकही नाही. त्या वर्षी प्रवेश मिळाला.

जास्त घाम निघतो तो शिफारसपत्रांना. जुने प्राध्यापक निवृत्त झालेले असतात, काहींना आपण आठवतही नाही. ऑफिसातल्या साहेबांनी वक्तशीरपणाची तारीफ केली तरी इथे तिचा उपयोग नाही. मी नोकरी सांभाळून दोन कोर्स केले. त्यातल्या एका बाईंनी पत्र दिलं आणि त्यांच्याकडे लिहिलेला निबंधच पुढे अर्जासोबत द्यायचा लेखनाचा नमुना झाला. साधारण १५ ते २५ पानं मागतात. माझा निबंध सहा वेळा लिहून झाला, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेतल्या बहुतेक मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात, म्हणजे वर्षभर आधी लागा. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच विभागांनी काढून टाकलीय, तरी प्रत्येकाचा नियम बघा. मूळ कागद ज्या लिपीत आहेत ती येत नसेल तर आत्ताच शिकायला घ्या. आणि शिष्यवृत्तीशिवाय कृपा करून जाऊ नका. प्राध्यापकीच्या जागा फार थोड्या आहेत, या वयात कर्ज फेडायला वर्षंही कमी उरतात.

तुमच्या प्रश्नात वय आलं, नोकरी आली, पण इतिहासात नेमकं काय शोधायचंय ते आलं नाही. खाली दोन ओळींत लिहा, मी नक्की वाचेन.