रिपोर्ट नॉर्मल, पण बेरीज चुकते

"मॅडम, डोक्याला मार लागून सात महिने झाले. स्कॅन नॉर्मल आहे, म्हणून डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. आता घरचेही तेच म्हणायला लागलेत. मी काय नाटक करतेय का?"

हा प्रश्न थोड्याफार फरकाने मला अनेकांनी विचारलाय. यावेळी विचारणाऱ्या एक शिक्षिका होत्या (ओळख पटेल असे तपशील बदललेत). जिन्यात घसरल्या, डोकं कठड्यावर आपटलं. काही मिनिटं शुद्ध नव्हती आणि त्यानंतरचा तासभर आजही आठवत नाही.

आधी माझी चूक सांगते. पहिली दोन सत्रं मी चिंतेवरच घालवली. श्वसन, झोपेच्या वेळा वगैरे. बाई व्यवस्थित बोलत होत्या, हसत होत्या. मलाही वाटलं, धसका घेतलाय. तिसरं सत्र लांबलं. पाऊण तास होत आला तशी त्यांनी खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ केली, मग वरचा दिवा बंद करायला सांगितला. बोलता बोलता 'खडू' हा शब्द काही केल्या सापडेना. "ते हो... फळ्यावर लिहायचं... पांढरं," म्हणाल्या आणि डोळे भरून आले. सारा उलगडा तिथे झाला. डॉक्टरांकडे त्या दहा मिनिटं बसतात, आणि पहिली दहा मिनिटं त्या उत्तम असतात.

"डॉक्टरांना काय सांगता?"

"थकवा येतो, डोकं दुखतं, विसरायला होतं."

हे तर निम्मी ओपीडी सांगते.

सीटी स्कॅन मुख्यतः रक्तस्राव, कवटीची भेग, मोठी सूज शोधतो, आणि जिवाला धोका नाही ना हे आधी पाहणं हे डॉक्टरांचं कामच आहे. पण धक्क्याने मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, ते त्यात दिसत नाहीत. एमआरआयही स्वच्छ येऊ शकतो. सौम्य म्हटलेल्या माराची लक्षणं बहुतेकांची तीनेक महिन्यांत ओसरतात, काहींची रेंगाळतात. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल' आणि 'काही झालेलं नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. हे मी बाईंच्या यजमानांनाही बसवून सांगितलं.

मग आम्ही एक पान लिहिलं. एकच, चार पानं कोणी वाचत नाही. वर माराची तारीख, शुद्ध किती वेळ नव्हती, किती वेळचं आठवत नाही. खाली थकवा, विसरभोळेपणा असले शब्द बाद. त्याऐवजी: 'पूर्वी एका बैठकीत चाळीस पेपर तपासायचे. आता सातव्या पेपरला अक्षरं हलतात. गुणांची बेरीज तीनदा केली, तीन उत्तरं आली. त्यानंतर दोन तास अंधारात पडून राहावं लागलं.' 'दोन मुलं एकदम बोलली की दोघांचंही डोक्यात शिरत नाही.' रिव्हरमीड नावाची एक प्रश्नावली आहे, 16 लक्षणं, प्रत्येकाला 0 ते 4 गुण. तीही भरून जोडली. तिच्यात प्रत्येक गोष्ट मार लागण्याआधीच्या तुलनेत विचारतात, म्हणून ती मला आवडते. शेवटी एकच प्रश्न लिहिला: 'यासाठी आता कोणाकडे पाठवाल?'

बाईंना उदास वाटायचं, ते मात्र लिहायचं नव्हतं. "लिहिलं की सगळं मनावरच ढकलतील." भीती अगदीच खोटी नव्हती. तरी मी लिहायला लावलं, फक्त क्रमाने: आधी बेरीज चुकली, उदासी दोन महिन्यांनी आली. मार लागल्यावर नैराश्य येणं नेहमीचं आहे आणि त्यावर उपचारही आहेत. लपवलं तर तेवढाच एक उपचार हातचा जातो. (डोकेदुखी वाढतच चालली, उलट्या, फिट, एका बाजूची कमजोरी किंवा गुंगी आली, तर मात्र पान लिहीत बसायचं नाही. थेट इमर्जन्सी गाठायची.)

यजमान सोबत गेले. डॉक्टरांनी पान वाचलं, बेरजेच्या ओळीवर थांबले आणि यजमानांना विचारलं, "घरी काय दिसतं?" ते म्हणाले, "कुकरची शिट्टी झाली की ही कान दाबून धरते. पूर्वी रेडिओ लावून पेपर तपासायची."

त्या दिवशी दोन चिठ्ठ्या मिळाल्या. एक न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे (लक्ष, स्मरणशक्ती अशा मेंदूच्या कामांच्या चाचण्या घेणारे मानसशास्त्रज्ञ), दुसरी तोल आणि नजरेच्या व्यायामांसाठी फिजिओथेरपिस्टकडे. चाचण्यांत स्मरणशक्ती बरी निघाली. लक्ष टिकणं आणि समजून घेण्याचा वेग मात्र खाली होता. म्हणजे बाई विसरत नव्हत्या, गोष्टी मुळात पुरत्या आत शिरतच नव्हत्या. हे ऐकून त्या घरी जाऊन झोपल्या, म्हणे, कित्येक दिवसांनी शांत.

सध्या पहिले दोनच तास शिकवतात. पाच पेपर झाले की गजर वाजतो आणि लाल पेन खाली. बेरीज यजमान करतात.