आधुनिक अमेरिकन डॉलर नाणी ग्रेडिंगसाठी कुठे पाठवावीत: पीसीजीएस, एनजीसी, अ‍ॅनाक्स की आयसीजी?

तुमच्याकडे आयझेनहॉवर डॉलरचे दोन रोल (कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या नळकांड्या) आहेत, सॅकागाविया आणि प्रेसिडेंशियल या डॉलर मालिकांतली सुटी नाणी आहेत आणि काही सिल्व्हर ईगल, म्हणजे चांदीची नाणी, आहेत. नाण्याचा खरेपणा आणि दर्जा तपासून, त्याला अंक देऊन ते लेबल लावलेल्या प्लास्टिकच्या डब्यात बंद करून देणाऱ्या या चार कंपन्यांपैकी सर्वांत चांगली कुठली, म्हणजे सगळी एकदमच पाठवता येतील, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत असं, की सगळी नाणी एका कंपनीकडे पाठवू नका, आणि बहुतेक नाणी तर कुठेच पाठवू नका. आधी एकेक नाणं हातात घ्या आणि त्याच्याबद्दल नेमकी शंका काय आहे ते ठरवा. ते खरं आहे का, ही शंका आहे? ते एखाद्या दुर्मीळ प्रकारातलं आहे का? की फक्त त्याचा दर्जा किती, एवढंच ठरवायचंय? या तीन प्रश्नांसाठी मी तीन वेगळे निर्णय घेतो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण तिच्यामुळे आजचे भाव समजतात. अ‍ॅनाक्स यात सर्वांत जुनी. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७२ साली ती नाण्यांचा खरेखोटेपणा तपासण्यासाठी सुरू केली, ग्रेड देणं नंतर आलं आणि १९९० मध्ये ती खासगी हातांत गेली. पीसीजीएस १९८६ मध्ये काही नाणे-डीलरांनी मिळून काढली. त्यांच्यातलेच एक, जॉन अल्बानीज, यांनी १९८७ मध्ये एनजीसी उभी केली. आयसीजी १९९८ ची. चौघींची मोजपट्टी मात्र एकच, १ ते ७० ची. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी बनवली होती. शेकडो हात फिरून झिजलेल्या नाण्यांसाठी ७० पायऱ्या ठीक होत्या. आधुनिक डॉलरचा सगळा बाजार मात्र वरच्या चार-पाच पायऱ्यांवर दाटलेला आहे. त्यामुळे एका अंकाचा फरक डोळ्याला दिसत नसला तरी खिशाला जाणवतो.

आता आयझेनहॉवर. तुमच्या संग्रहात मला सर्वांत जास्त रस याच नाण्यांत आहे. १९७१ ते १९७८ या काळात पाडलेलं हे ३८.१ मिलिमीटरचं मोठं नाणं चलनासाठी तांबं-निकेलमध्ये निघालं. हा मिश्रधातू कडक असतो, त्यामुळे कोऱ्या चकतीवर आधीच पडलेले ओरखडे ठसा मारताना पूर्ण बुजत नाहीत. शिवाय जवळपास २३ ग्रॅमची ही नाणी पिशव्यांत एकमेकांवर आपटली. म्हणून कधीच खर्च न झालेलं नाणंही आयझेनहॉवरच्या गालावर आणि जबड्यावर खुणा घेऊन येतं. फिलाडेल्फिया टांकसाळीच्या १९७१ च्या नाण्यांत ६६ दर्जाचं नाणं मिळणंसुद्धा कठीण, आणि ६५ वरून ६६, ६६ वरून ६७ अशा एकेका पायरीला किंमत अनेक पटींनी चढते. इथे ग्रेड देणाऱ्याच्या नजरेला खरंच मोल आहे. माझ्या मते इथे पीसीजीएसच घ्यावी. तिच्या सेट रजिस्ट्रीत, म्हणजे संग्राहकांच्या संचांची चढाओढ लागते त्या यादीत, तिचीच ग्रेड केलेली नाणी चालतात, आणि वरच्या दर्जाच्या आयझेनहॉवरसाठी झुंजणारे संग्राहक बहुतेक तिथेच आहेत. तेच नाणं एनजीसीच्या डब्यात असेल तर ते कमी प्रतीचं ठरत नाही, पण ते विकत घेणारे तुलनेने कमी भेटतात.

रोल उघडताना दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवत बघा, कडेला धरून, बोटं पृष्ठभागाला न लावता. गालावर ठळक खूण दिसली की ते नाणं बाजूला काढा. दोन रोलमधून पाठवण्याजोगी दोन-तीन निघाली तरी चांगलंच म्हणायचं. आणि काहीही झालं तरी पुसू नका. साधं मऊ कापडसुद्धा बारीक रेघा उठवतं, आणि मग अंकाऐवजी लेबलवर ‘डिटेल्स’, म्हणजे नाणं साफ केलेलं किंवा बिघडलेलं आहे, असा शेरा येतो. तो आला की नाण्याचा बाजार जवळपास संपतो.

त्याच रोलमध्ये १९७२ ची फिलाडेल्फियाची नाणी असतील तर मागची बाजू भिंगाखाली बघा. गरुडाच्या वर पृथ्वीचा छोटा गोल आहे. तो गोल आणि फ्लोरिडाखालची बेटं पाहून तीन प्रकार ओळखतात, आणि त्यातला दुसरा दुर्मीळ आहे. सुसान अँथनी डॉलरमध्ये १९७९ च्या फिलाडेल्फिया नाण्यात कडेजवळ आलेली तारीख शोधतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रूफमध्ये (संग्राहकांसाठी खास पाडलेल्या चकचकीत नाण्यांत) स्वच्छ उमटलेला ‘एस’, म्हणजे टांकसाळीची खूण, शोधतात. अशा प्रकारांची खात्री करायला मी अ‍ॅनाक्स पसंत करतो. त्यांचा भर व्हरायटी, म्हणजे असे प्रकार, ओळखण्यावर आहे आणि सभासद न होता थेट नाणं पाठवता येतं. पीसीजीएस आणि एनजीसीकडे सभासदत्व तरी लागतं किंवा अधिकृत डीलर तरी. मात्र अ‍ॅनाक्सच्या डब्यातलं नाणं विकायला काढलं की खरेदीदार थोडा भाव पाडून मागतो, हे धरूनच चला.

सॅकागावियातली बहुतेक सुटी नाणी तुम्ही खुशाल अल्बममध्ये ठेवा. अपवाद २००० सालच्या फिलाडेल्फिया नाण्याचा. चीरिओज नावाच्या न्याहारीच्या खोक्यांतून त्या वर्षी ५,५०० डॉलर वाटले गेले, आणि त्यांतल्या काहींच्या मागच्या बाजूला गरुडाच्या शेपटीची पिसं जास्त ठळक कोरलेली आहेत, मधल्या पिसाचा दांडा स्पष्ट दिसतो. असं नाणं सापडलं तर पीसीजीएस किंवा एनजीसी दोन्ही योग्य. तिथे स्वस्त पर्याय बघू नका.

प्रेसिडेंशियल डॉलरचं वैशिष्ट्य त्याच्या कडेत आहे. कडेवरचा मजकूर नाणं पाडून झाल्यावर वेगळ्या यंत्राने उमटतो. त्यामुळे नाण्याची चित्रबाजू वर धरली तर तो कधी सुलटा, कधी उलटा वाचला जातो. यात काही दुर्मीळ नाही, कुणी तसं सांगून विकत असेल तर घेऊ नका. मजकूर पूर्णच राहून गेलेली नाणी मात्र वेगळी. २००७ चे वॉशिंग्टन डॉलर असे बरेच निघाले, आणि लगेचच कड घासून तशीच दिसणारी नकली नाणीही तयार झाली. वजन ८.१ ग्रॅम आणि व्यास २६.५ मिलिमीटर आहे का ते आधी मोजा. दोन्ही जुळलं तरी अशा नाण्याला खरेपणाचा दाखला हवाच, म्हणून ते पाठवण्यात अर्थ आहे. आतल्या पट्ट्यांवर नाणं टेकवून कड दिसेल असे डबे पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्ही मोठ्या कंपन्या वापरतात. कड झाकलेल्या डब्यातलं असं नाणं मी कधीच घेणार नाही.

सिल्व्हर ईगलचं गणित पूर्ण वेगळं. १९८६ पासून दरवर्षी निघणारं हे एक औंस चांदीचं नाणं इतकं नीट बनतं की टांकसाळीतून आलेलं नाणं ६९ ला सहज पोहोचतं. प्रश्न उरतो तो ७० चा. एनजीसीच्या व्याख्येनुसार पाचपट भिंगाखाली निर्मितीनंतरचा एकही दोष दिसता कामा नये. मोठे डीलर अशी नाणी गठ्ठ्याने पाठवतात, त्यांना दर कमी पडतो. त्यामुळे डब्यातलं ६९ चं ईगल बाजारात चांदीच्या भावापेक्षा थोड्याच जास्तीला मिळतं. तुम्ही एकटं नाणं पाठवलंत तर शुल्क, हाताळणी, विमा आणि परतीचं टपाल धरून पन्नास-साठ डॉलर सहज जातात, आणि हातात येतं तेच ६९. साध्या वर्षांची ईगल पाठवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

७० च्या किमतीवरही फार विसंबू नका. १९९५ च्या वेस्ट पॉइंट टांकसाळीचं प्रूफ ईगल फक्त ३०,१२५ निघालं. त्यातलं पीसीजीएसने ७० दिलेलं एक नाणं २०१३ मध्ये ८६,००० डॉलरच्या वर विकलं गेलं. पुढे आणखी नाण्यांना ७० मिळत गेले आणि भाव त्याच्या एका लहान हिश्श्यावर आला. आधुनिक नाण्यात ७० मिळालेल्यांची संख्या वाढतच जाते, कमी होत नाही. म्हणून पाठवण्याआधी दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर त्या वर्षाची त्या ग्रेडमधली संख्या बघा. ईगलच्या ७० मध्ये पीसीजीएस आणि एनजीसीत फारसा फरक मला वाटत नाही, जिथे शुल्क कमी तिथे द्या. आयसीजीच्या ७० ला मात्र खरेदीदार तितका भाव देत नाहीत, त्यामुळे विकण्याच्या हेतूने तिथे पाठवू नये. नाणं सुरुवातीच्या काळातलं आहे असं सांगणाऱ्या ‘फर्स्ट स्ट्राइक’ किंवा ‘अर्ली रिलीजेस’ असल्या लेबलांसाठी जास्त पैसे देऊ नका. नाणं कोणत्या क्रमाने पाडलं गेलं याची नोंद ठेवत नाही, असं टांकसाळ स्वतःच सांगते.

चांदीच्या ईगलवर नंतर पांढुरके डाग उमटतात, डबाबंद झाल्यावरसुद्धा. त्यांना तिथे मिल्क स्पॉट म्हणतात. असे डाग कंपन्यांच्या हमीत धरले जात नाहीत. म्हणून ७० चं ईगल विकत घेताना लेबलच्या आधी नाण्याकडे बघा. डब्याचा क्रमांक संकेतस्थळावर टाकून फोटो जुळतो का तेही तपासा, कारण आता डबेसुद्धा नकली येतात.

पुढेमागे ही नाणी भारतात नेऊन विकायचा विचार असेल, तर मुंबईच्या लिलावांत पीसीजीएस आणि एनजीसीचेच डबे ओळखीचे आहेत. पण आधुनिक अमेरिकन डॉलरचा खरा ग्राहक अमेरिकेतच आहे, तेव्हा विक्रीही तिथेच करावी.

तुमच्या जागी मी असतो तर या महिन्यात फक्त रोल उघडले असते. त्यातली गाल स्वच्छ असलेली दोन-तीन नाणी पीसीजीएसला गेली असती, १९७२ चं संशयास्पद नाणं अ‍ॅनाक्सला. ईगल होती तशीच कॅप्सूलमध्ये राहिली असती. १९७२ च्या नाण्याच्या मागच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो खाली टाकलात तर त्यातला प्रकार कुठला, ते मी बघून सांगेन.